संगणकीय आज्ञावलीसाठी सुवाच्य टंकाची निवड : अध्यापनाच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना :

संगणकशास्त्राच्या अध्यापनात कोणती भाषा शिकवावी, अभ्यासक्रमात कोणते घटक असावेत, प्रात्यक्षिकांना किती तासिका द्याव्यात, यांवर विभागाच्या बैठकांत बराच विचार होतो. विद्यार्थी ज्या अक्षरांतून ती भाषा वाचतो आणि लिहितो, त्या अक्षरांच्या वळणाचा विचार मात्र सहसा होत नाही. संगणकावर जो टंक, म्हणजे रूढ भाषेत फाँट, आधीपासून असेल तो चालवून घेतला जातो. टंकाची निवड ही केवळ आवडीनिवडीची बाब आहे, असा समज त्यामागे असतो.

काही वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या सी भाषेच्या प्रात्यक्षिकात प्रस्तुत लेखकाला हा समज सोडावा लागला. दोन दशांश संख्या वाचून त्यांची सरासरी काढण्याचा साधा प्रोग्रॅम एका विद्यार्थिनीने लिहिला होता. कंपायलरने एकही चूक दाखवली नाही. पण उत्तर मात्र अर्थहीन येत होते. तिने सूत्र पुन्हा तपासले, चलांची नावे बदलली, कंस मोजले. वीस मिनिटांनंतर ‘सर, मला हे पत्त्याचे प्रकरण समजलेच नाही’ असे म्हणून तिने वही मिटली. चूक तिच्या आकलनात नव्हती. स्कॅनएफ या आज्ञेत टक्केचिन्हापुढे लहान एल आणि एफ ही अक्षरे हवी होती. तिथे तिने एल या अक्षराऐवजी १ हा इंग्रजी अंक टंकित केला होता. छापील टिपणात जे दिसले तेच तिने उतरवले होते. ते टिपण प्रस्तुत लेखकानेच तयार केलेले होते, आणि छायाप्रतीची छायाप्रत होता होता त्यातील एल व एक यांच्यातील फरक पुसला गेला होता.

या चुकीचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. एल असेल तर संगणक दुप्पट अचूकतेची, म्हणजे डबल प्रकाराची, संख्या वाचतो. एक हा अंक असेल तर आज्ञेचा अर्थच बदलतो : जास्तीत जास्त एकच चिन्ह वाचावे आणि ते साध्या फ्लोट प्रकारात ठेवावे. डबलसाठी सामान्यतः आठ बाइट जागा राखलेली असते. त्यांपैकी चारच बाइट भरले जातात आणि चलात निरर्थक मूल्य उरते. इशारे चालू ठेवल्यास आजचे कंपायलर येथे सूचना देतात. परंतु नवशिक्याला त्या सूचनेचा अर्थ लागेलच असे नाही. एका अक्षराच्या वळणामुळे एका विद्यार्थिनीने स्वतःच्या बुद्धीविषयी चुकीचा निष्कर्ष काढला, ही बाब शिक्षकाने गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

प्रस्तुत लेखात आज्ञावलीच्या वाचनाचे स्वरूप, टंक निवडण्याचे निकष, देवनागरीच्या संदर्भातील विशेष अडचणी आणि महाविद्यालयात करता येण्याजोगे उपाय यांचा क्रमाने विचार केला आहे.

१. गद्यवाचन आणि आज्ञावलीवाचन :

मुद्रणविद्येत सुवाच्यतेच्या दोन बाजू मानल्या जातात. एक अक्षर दुसऱ्यापासून वेगळे ओळखता येणे ही पहिली; तिला सुस्पष्टता म्हणता येईल. सलग मजकूर न थकता, वेगाने वाचता येणे ही दुसरी. ती वाचनसुलभता होय. कादंबरी किंवा वर्तमानपत्र वाचताना दुसरी बाजू अधिक महत्त्वाची ठरते. तिथे एखादे अक्षर अस्पष्ट असले तरी शब्द आणि वाक्य यांच्या संदर्भाने वाचक ते भरून काढतो. मुद्रणदोष आपल्या नजरेतून निसटतात, ते याच क्षमतेमुळे.

आज्ञावलीत हा आधार तुटपुंजा असतो. चलांची नावे कोशातील शब्द असतीलच असे नाही. विरामचिन्हांना गद्यात जे दुय्यम स्थान असते ते येथे नसते. एक अर्धविराम किंवा एक कंस यांवर संपूर्ण रचनेचा अर्थ अवलंबून असतो. शिवाय वाचक दोन असतात : एक मनुष्य आणि दुसरा कंपायलर. मनुष्य अंदाजाने वाचतो, कंपायलर अंदाज करीत नाही. या दोन वाचकांना एकाच ओळीत दोन वेगवेगळ्या गोष्टी दिसू नयेत, हे आज्ञावलीच्या टंकाचे पहिले कर्तव्य आहे.

येथे अनुभवी आणि नवशिका यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. अनुभवी प्राध्यापकाला टक्केचिन्हापुढे एल येतो हे ठाऊक असल्यामुळे छपाई अस्पष्ट असली तरी त्याला एलच दिसतो. नवशिक्याजवळ हे पूर्वज्ञान नसते; त्याला कागदावर जे आहे तेवढेच दिसते. म्हणून सदोष टंकाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जो सर्वांत कमी जाणतो त्याच्यावर तो सर्वांत अधिक पडतो, आणि जो टंक निवडतो त्याला तो जाणवतही नाही.

२. संभ्रम निर्माण करणारी चिन्हे :

रोमन लिपीतील पुढील गट आज्ञावलीत विशेष त्रासदायक ठरतात :

(अ) लहान एल, मोठा आय, एक हा अंक आणि उभी रेघ.
(आ) मोठा ओ आणि शून्य.
(इ) मोठा एस व पाच. मोठा बी व आठ. मोठा झेड व दोन.
(ई) स्वल्पविराम व पूर्णविरामाचा ठिपका. अर्धविराम व अपूर्णविराम.
(उ) गोल कंस व महिरपी कंस.
(ऊ) लहान आर व एन ही जोडी आणि लहान एम.

या संभ्रमाला इतिहास आहे. जुन्या अनेक टंकलेखन यंत्रांवर एक या अंकाची स्वतंत्र कळच नसे. लहान एल याच कळीने तो उमटवला जाई. कागद वाचणारा मनुष्य असेपर्यंत त्याने काही बिघडले नाही. संगणकासाठी मात्र ती दोन भिन्न चिन्हे आहेत. भाषांच्या कर्त्यांनीही हा धोका ओळखला आहे. पायथनच्या २००१ मधील लेखनसंकेतांत लहान एल, मोठा ओ आणि मोठा आय ही अक्षरे एकाक्षरी चलनामे म्हणून कधीही वापरू नयेत असे सांगितले आहे. जावाच्या अधिकृत भाषाविवरणात दीर्घ पूर्णांकाच्या शेवटी लहान एल न लावता मोठा एल लावणे इष्ट मानले आहे, कारण लहान एल एक या अंकापासून ओळखणे अवघड जाते.

हा प्रश्न संगणकतज्ज्ञांपुरता मर्यादित नाही. मोटारवाहनाच्या १७ चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरलीच जात नाहीत. आपल्या बँकांच्या ११ चिन्हांच्या आयएफएस संकेतात पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तेथे ओ लिहिला की संकेत चुकतो. अशा व्यवस्थांमध्ये चिन्हे वगळून किंवा स्थान निश्चित करून संभ्रम टाळता येतो. आज्ञावलीत सर्वच चिन्हे आवश्यक असल्याने ती जबाबदारी टंकावर येते.

चांगल्या टंकात ही जबाबदारी साध्या उपायांनी पार पाडलेली दिसते. शून्याच्या पोटात तिरकी रेघ किंवा ठिपका असतो. लहान एलचे टोक खाली उजवीकडे वळवलेले असते. मोठ्या आयला वर व खाली आडव्या रेघा असतात. एक या अंकाला वर ठळक नाक आणि खाली पाया असतो. विरामाचे ठिपके मोठे असतात आणि महिरपी कंसाचा मधला कोपरा स्पष्ट बाहेर आलेला असतो.

३. समान रुंदीचे महत्त्व :

पुस्तकाच्या टंकात आय अरुंद आणि एम रुंद असतो. आज्ञावलीसाठी मात्र प्रत्येक चिन्हाला सारखीच रुंदी देणारा टंक रूढ आहे. ही परंपरा टंकलेखन यंत्र आणि छिद्रपत्र यांच्यापासून आलेली आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचे छिद्रपत्र आणले. पुढे फोरट्रान भाषेत कोणत्या स्तंभात काय लिहायचे हे ठरलेले होते : पहिल्या पाच स्तंभांत विधानाचा क्रमांक, सहाव्यात मागील विधान पुढे चालू असल्याची खूण आणि सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान.

छिद्रपत्रे गेली तरी समान रुंदीची उपयुक्तता टिकून आहे. ओळीची सुरुवात किती आत घेतली आहे यावरून रचनेचे स्तर समजतात, आणि पायथनमध्ये तर तोच व्याकरणाचा भाग आहे. समान रुंदीच्या टंकात चार मोकळ्या जागा प्रत्येक ओळीत तेवढेच अंतर व्यापतात आणि त्यांचे स्तंभ सरळ उभे राहतात. पुस्तकी टंकात मोकळी जागा अरुंद असते. त्यामुळे तीन जागा आणि चार जागा यांतील फरक डोळ्यांना कळत नाही.

४. आकार, जाडी आणि पडदा :

टंकाचा आकार बिंदूंत सांगितला जातो आणि संगणकीय मुद्रणात एक इंच म्हणजे ७२ बिंदू होत. परंतु बिंदुसंख्या सारखी असूनही दोन टंक सारखे मोठे दिसत नाहीत. लहान एक्स या अक्षराची उंची एकूण उंचीच्या मानाने किती आहे यावर ते अवलंबून असते. ही उंची अधिक असणारा १२ बिंदूंचा टंक ती कमी असणाऱ्या १३ बिंदूंच्या टंकाहून सुवाच्य ठरू शकतो. म्हणून केवळ आकडा पाहून निवड करू नये.

रेघेच्या जाडीचा प्रश्न कुरिअरच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात आयबीएमच्या टंकलेखन यंत्रांसाठी कुरिअर घडवला. शाई कागदावर थोडी पसरणार हे त्यात गृहीत होते. १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर आलेल्या कुरिअर न्यू या रूपात रेघा बारीक राहिल्या आणि पडद्यावर शाई तर पसरत नाही. परिणामी अक्षरे फिकट दिसतात. त्यातच एल व एक यांचे आकार जवळचे आणि शून्याच्या पोटात काहीच खूण नाही. आज्ञावली म्हणजे कुरिअर न्यू, असे समीकरण अनेक प्रश्नपत्रिकांत आजही आढळते. सुवाच्यतेच्या दृष्टीने ते समर्थनीय नाही.

याउलट ल्यूकस द ग्रूट यांनी घडवलेला आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टासोबत सर्वांपर्यंत पोहोचलेला कन्सोलस हा टंक पडद्यावरील वाचन डोळ्यांपुढे ठेवूनच तयार झाला. त्यातील शून्यात तिरकी रेघ आहे. २००३ मध्ये मुक्त परवान्याने दिलेल्या बिटस्ट्रीम व्हेरा या टंककुटुंबातून देजाव्हू सॅन्स मोनो विकसित झाला. लिनक्सच्या अनेक वितरणांत तो आढळतो. अडोबीचा सोर्स कोड प्रो (२०१२), मायक्रोसॉफ्टचा कॅस्केडिया कोड (२०१९) आणि जेटब्रेन्स मोनो (२०२०) हे टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. २०१६ मध्ये गो भाषेसाठी घडवलेल्या टंकांत तर सुवाच्यतेविषयीच्या डीआयएन १४५० या जर्मन मानकाचे पालन केलेले आहे. म्हणजेच चांगला टंक वापरण्यासाठी महाविद्यालयाला खर्च करावा लागत नाही.

जोडचिन्हांविषयी मात्र सावधगिरी हवी. काही नव्या टंकांत उद्गारचिन्ह व बरोबरचिन्ह लागोपाठ आल्यास पडद्यावर ‘असमान’ हे एकच गणिती चिन्ह दिसते. जाणकाराला ते सोयीचे वाटेल; परंतु कोणत्या दोन कळा दाबायच्या हेच ज्याला शिकायचे आहे त्याच्यापासून ते नेमके तेच लपवते. प्रथम वर्षाच्या प्रयोगशाळेत ही सोय बंद ठेवावी.

पार्श्वभूमीच्या रंगाबाबत मायल्स टिंकर यांचे संशोधन मार्गदर्शक आहे. ‘लेजिबिलिटी ऑफ प्रिंट’ (१९६३) या ग्रंथात त्यांनी पांढऱ्यावर काळी अक्षरे काळ्यावरील पांढऱ्या अक्षरांपेक्षा वेगाने वाचली जातात असे नोंदवले आहे. ते प्रयोग छापील मजकुरावरील होते हे खरे. तरीही उजेड असलेल्या वर्गात प्रक्षेपकावर आज्ञावली दाखवताना फिकट पार्श्वभूमी आणि गडद अक्षरे ही मांडणी अधिक सुरक्षित होय.

५. देवनागरी आणि आज्ञावली :

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आज्ञावलीत मराठी टीप लिहिणे, मराठी नावांच्या याद्या हाताळणे हे आता सहज शक्य आहे. विंडोज २००० पासून उपलब्ध झालेला आणि प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा युनिकोड टंक या प्रवासातील एक महत्त्वाचा टप्पा होता. तथापि समान रुंदीची कल्पना देवनागरीला सहज मानवत नाही. ‘स्त्री’ या एका दृश्य अक्षरात युनिकोडची सहा चिन्हे आहेत : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. ती एकाच चौकटीत कोंबली तर अक्षर वाचता येत नाही. सहा चौकटींत पसरली तर ते अक्षरच राहत नाही. प्रचलित बहुतेक समान रुंदीच्या टंकांत देवनागरी नसते. एडिटर ती अक्षरे दुसऱ्या टंकातून घेतो, आणि म्हणून मराठी टीप आली की ओळीची उंची बदलते व पुढील स्तंभ सरकतात. हा दोष विद्यार्थ्याचा नव्हे, हे त्याला सांगितले पाहिजे. मराठी टीप संकेतांच्या शेजारी न लिहिता स्वतंत्र ओळीवर लिहिणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

दोन लिप्यांच्या सरमिसळीतून नवे संभ्रमही उद्भवतात. मराठी विसर्ग आणि अपूर्णविराम दिसायला जवळजवळ सारखे आहेत. दंड आणि उभी रेघ, देवनागरी शून्य आणि रोमन लहान ओ, देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांचेही तसेच. कळफलक मराठीवर राहून गेला आणि अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडला, तर चूक दाखवूनही डोळ्यांना ती दिसत नाही. पायथनमधील एक गंमतही येथे उद्बोधक आहे : अक्षरमालेच्या रूपात दिलेले ‘१२’ हे देवनागरी अंक पूर्णांकात रूपांतरित होतात, पण तेच अंक आज्ञावलीत थेट संख्या म्हणून लिहिल्यास व्याकरणाची चूक ठरते.

६. निवडीची कसोटी आणि महाविद्यालयीन व्यवहार :

टंक निवडण्यासाठी पुढील कसोटी कोणत्याही विभागाला अर्ध्या तासात घेता येईल.

(१) विभाग २ मधील सर्व गट एका पानावर, प्रत्यक्ष वापराच्या आकारात, शब्दांच्या संदर्भाशिवाय आणि क्रम बदलून लिहावेत.
(२) ते पान पडद्यावर नेहमीच्या अंतरावरून, प्रक्षेपकावर शेवटच्या बाकावरून आणि कागदावर दुसऱ्या छायाप्रतीतून वाचावे.
(३) वाचणारी व्यक्ती विषयाची जाणकार नसावी. चाळिशी लागलेले एक सहकारी आणि प्रथम वर्षाचे दोन विद्यार्थी असल्यास उत्तम.
(४) ज्या टंकात एकाही चिन्हाची गल्लत होत नाही तो स्वीकारावा; दिसण्यातील आकर्षकतेचा विचार त्यानंतर करावा.

निवड झाल्यावर तो टंक सर्व प्रयोगशाळांत, टिपणांत आणि प्रश्नपत्रिकांत एकच असावा. एकाच वळणाची सवय झाली की डोळे चूक लवकर पकडतात. प्रश्नपत्रिका तयार करताना आणखी एक धोका असतो. शब्दसंस्करणाचे प्रोग्रॅम सरळ अवतरणचिन्हांची वळणदार अवतरणचिन्हे करतात, लागोपाठच्या दोन लघुरेषांची एक लांब रेषा करतात आणि ओळीचे पहिले अक्षर आपोआप मोठे करतात. गद्यासाठी ही सेवा उपयुक्त असली तरी आज्ञावलीत तीनही बदल चुका निर्माण करतात. ‘खालील आज्ञावलीतील चूक शोधा’ असा प्रश्न विचारताना छपाईनेच दुसरी चूक घातली, तर ती शोधणाऱ्या विद्यार्थ्याला गुण द्यायचे की नाही, हा प्रश्न परीक्षकासमोर उभा राहतो. म्हणून अशी दुरुस्ती बंद ठेवावी आणि आज्ञावली एडिटरमध्ये चालवून पाहिल्यावरच प्रश्नपत्रिकेत घ्यावी.

७. मर्यादा :

टंक सर्व संकटे दूर करू शकत नाही. रशियन लिपीतील ‘अ’ आणि रोमन लहान ए यांचे रूप बहुतेक टंकांत एकच असते, पण संगणकासाठी ती भिन्न चिन्हे आहेत. केंब्रिज विद्यापीठातील निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की लेखनदिशा बदलणारी अदृश्य नियंत्रकचिन्हे वापरून मनुष्याला एक आणि कंपायलरला दुसरीच आज्ञावली दाखवता येते. अशा ठिकाणी टंक उपयोगी पडत नाही. संशयास्पद चिन्हे दाखवणारा एडिटर आणि चालू ठेवलेले इशारे यांचाच आधार घ्यावा लागतो. तसेच सुवाच्य टंकामुळे आज्ञावलीतील विचार सुधारत नाही. तो केवळ एवढेच करतो की, विद्यार्थ्याचा वेळ विचारातील चुका शोधण्यात जावा, वळणातील चुका शोधण्यात जाऊ नये.

समारोप :

आज्ञावलीसाठी टंक निवडताना सौंदर्यापेक्षा भेदस्पष्टतेला प्राधान्य द्यावे, समान रुंदी राखावी, आकार प्रत्यक्ष वाचून ठरवावा आणि पडदा, प्रक्षेपक व छायाप्रत या तिन्ही ठिकाणी कसोटी घ्यावी, हा प्रस्तुत विवेचनाचा निष्कर्ष आहे. उत्तम टंक विनामूल्य उपलब्ध असल्याने ही सुधारणा लहानात लहान महाविद्यालयालाही परवडणारी आहे. प्रस्तावनेत उल्लेख केलेले टिपण नंतर नव्या टंकात, मूळ प्रतीवरून पुन्हा छापले गेले. त्यातील एल आता एल म्हणून वाचता येतो. त्या विद्यार्थिनीने खर्च केलेली वीस मिनिटे मात्र परत देता येत नाहीत. पुढील तुकडीची वाचवता येतात.